राजीनाम्यानंतरचा वर्ग

मंगळवार, २ डिसेंबर
शनिवारी इथे लिहिलं की येरवड्याहून वारज्याची बस झेपत नाही म्हणून राजीनामा दिला. ते खरं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तसं सांगितलं आणि मग इथेही तेच लिहून मोकळी झाले. अब्बा ऐकून एवढंच म्हणाले, "बस जूनपासून तीच आहे ना?"
खरं कारण असं की दुसरीच्या वर्गात मी फक्त स्मार्टबोर्ड चालू-बंद करते. धडा तो वाचतो, मुलं मागून म्हणतात, प्रश्नही तोच विचारतो. पूर्वाने विचारलं, "टीचर, बोर्डातली बाई तुमची मोठी बहीण आहे का?" वर्गात हसले. बसमध्ये नाही हसू आलं.
नाताळच्या सुट्टीपर्यंत जायचं, मग सुटले.

गुरुवार, ४ डिसेंबर
जाणारच आहे, तर बोर्ड बंद ठेवला. अब्बांच्या मार्केट यार्डातल्या दुकानातून जुनी पोती नेली. फाटकं बारदान शिवून विकायचा त्यांचा धंदा. शाळेत जायच्या आधी मी त्या पोत्यांवरच वाचायला शिकले. छाप अर्धा पुसलेला असायचा. अब्बा कधी वाचून दाखवायचे नाहीत. "बघ, काय असेल?"
मुलं तुटून पडली. 'हळद' लगेच आलं. खाली छापलेल्या गावाच्या नावावरून भांडण, कारण 'सां' दिसतंय, पुढचं गेलेलं. कोणी सांगोला, कोणी सांगवी. पूर्वा पोत्याला नाक लावून बसली, ठशावरून बोट फिरवलं. "शेवटी ली आहे टीचर! सांगली!"
बोर्ड म्हणेल तसे ती नुसते ओठ हलवायची. मला वाटायचं वाचते. सहा महिने...

सोमवार, ८ डिसेंबर
रविवार अख्खा तयारीत गेला. कोणी सांगितलं नव्हतं. कंटाळाही आला नाही.
मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांच्या डब्यांवर कोरलेली नावं वाचत होती. पूर्वाच्या डब्यावर तिच्या आजीचं नाव आहे. तिला आज कळलं.
मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या. "काय शबाना मॅडम, जाता जाता शिकवायला लागलात?" मग हळू आवाजात, "बाकीच्या तुकड्या पुढे गेल्यात हं."
बोर्ड बंद ठेवू का, हे मी जूनपासून एकदाही विचारलं नाही. नाही म्हणाल्या असत्या कदाचित. पण विचारलंच नाही.

बुधवार, १० डिसेंबर
माझ्या जागी येणारी प्राजक्ता वर्ग बघायला आली. पहिलीच नोकरी. नेमणुकीचं पत्र सोमवारी दुपारी मिळणार, पण घरी पेढे वाटून झालेत म्हणाली. जाताना, "मॅडम, ही पोती ठेवाल का मला?"
चांगली आहे. वाईट असती तर सोपं होतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर
अब्बांना विचारलं, राजीनामा परत मागू का? त्या मुलीच्या तोंडचा घास...
सुईत सुतळी ओवत म्हणाले, "बेटा, मुलांसाठी थांबणार की स्वतःसाठी?"
मुलांसाठी, असं म्हणणार होते. पण बसचं एक खोटं झालंच आहे, आणखी एक नको. म्हटलं, "आधी स्वतःसाठी."
"मग तसंच सांग तिथे."
बाई नाही म्हणू शकतात. हो म्हणाल्या तर प्राजक्ताला तोंड कसं दाखवू, माहीत नाही. रविवारी तिला फोन करून आधी सांगायचं, मागून कळायला नको. मग बाईंच्या खोलीत. बसचं खोटं होतं हे पहिलं वाक्य.
सोमवारी, १५ डिसेंबरला, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत.