विरोधपत्राची पोच

बालाघाट, ४ नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरी, तुझ्या काकाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कानातलं यंत्र बसलं, पण फोनवर अजून नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून पत्र. आपल्या फुटबॉल क्लबनं चैतरामलेही काढलं. वर्षात हा तिसरा कोच. काहून, तर त्यानं अध्यक्षांचा भाचा बाकावर बसवला. मले इतका संताप आला का मी मैदानात जाणंच सोडलं.

तीस वर्षं सिंचाई विभागात बाबू होतो, दरवेळी नवा अर्ज कोण लिहीत बसंल? मजकूर एकदाच टाइप करून दहा झेरॉक्स काढल्या. श्री. अमुक यांच्या नेमणुकीस माझा विरोध आहे, नावाची जागा कोरी. खाली दोन मागण्या: कोचले दोन वर्षं हलवू नये, अन् टीम कोचनंच निवडावी, कमिटीनं नाही. एक प्रत क्लबच्या प्रेमलाल बाबूले आगाऊच दिली, जो येईल त्याचं नाव भरून घे म्हणलं. तुझी काकू तेव्हापासून हसून राह्यली.

तुझी माया राहू दे, क्लबवरची माझी आटली.

मधुकरकाका


नागपूर, २० नोव्हेंबर २०२४

ती. काकांना वल्लरीचा वाकून नमस्कार.

रागावू नका. तुम्हाला न सांगता मी कोचच्या जागेसाठी अर्ज केला होता. आठ वर्षं इथल्या शाळेत खेळ शिकवला, आता घरी यावंसं वाटतं. सोमवारी तुम्हाला न भेटताच तिकडे मुलाखतीला आले. निवड झाली असं अध्यक्ष म्हणाले, तेवढ्यात प्रेमलालजींनी तुमची प्रत पुढे ठेवली. 'श्री.' खोडून तिथे माझं नाव. घरचाच विरोध असेल तर पुन्हा विचार करू, असं अध्यक्ष म्हणाले.

मी तो कागद मागून घेतला. मग खालच्या मागण्या वाचल्या आणि सांगितलं की काकांचं बरोबर आहे, हे मान्य असेल तरच मी येते. बराच वेळ कुरबुर झाली. शेवटी तुमच्याच कागदावर 'मान्य' लिहून कमिटीच्या पाचही जणांनी सह्या केल्या.

काका, मी तेरा वर्षांची असताना तुम्ही मला सायकलवर मैदानात न्यायचा. पोरीला हाफपँटीत खेळवतो म्हणून लोक बोलायचे, तेव्हा तुम्ही रेषेपाशी छत्री घेऊन उभे राहायचा. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते. तुमच्यामुळे मी घरी येते आहे.

आता एवढंच, मैदानात या.

तुमची वल्लरी


बालाघाट, २६ नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरीले काकाकडून आशीर्वाद, अन् माफीही.

तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचलं. मी मान खाली घालून ऐकलं, अन् छत्रीपाशी आल्यावर मले रडू आलं. त्या उन्हाची आठवण तू ठेवली, मले आणखी काय पाहिजे? तू येऊन राह्यली याचे मी देवाचे अन् प्रेमलालचे दोघांचे उपकार मानतो. त्या माणसानं नेमून दिलेलं काम केलं.

तो कागद मात्र क्लबच्या फायलीत आहे, अन् फायलीतला कागद परत मिळत नाही हे माझ्याइतकं कोणाले ठाऊक? म्हणून उरलेल्या नऊ प्रतींतली एक काढली. 'श्री.' खोडलं, तुझं पूर्ण नाव लिहिलं, 'विरोध' खोडून 'आनंद' लिहिलं. मागण्या तशाच ठेवल्या. कालच स्वतः क्लबमध्ये जाऊन दिली. बाकीच्या आठ काकूनं चुलीत घातल्या.

तुझ्या पहिल्या सरावाले येतो, छत्री दुरुस्त करून ठेवली आहे. लवकर ये, बाकी लोभ समोरासमोर.

तुझा काका

ता. क. : आवक क्रमांक अन् शिक्क्यासह पोचपावती सोबत जोडली आहे. जपून ठेव.