लेन्सले आयएस आहे म्हणे

मालेगाव (जहांगीर), जि. वाशिम
बुधवार

प्रिय रविकांत यांस,

सप्रेम जयभीम. आपल्या पायाची प्रकृती आता कशी आहे? प्लास्टर कधी निघणार, आत खाज सुटते काय आणि डॉक्टरांनी जमिनीवर पाय टेकवू दिला काय, हे सविस्तर कळवावे. सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या आठवड्यातच मोपेडवरून पडण्याची बुद्धी आपणास व्हावी याचे आम्हा सर्वांस वाईट वाटले. आमच्याकडे सर्व कुशल आहे. (वरचं शुद्ध मराठी मी विचार करून लिहिलं आहे. आता मूळ विषयावर येतो, तिथं मले राग येते, अन् रागात शुद्ध लिहिणं जमत नाही. इथून पुढं घरच्यासारखं वाच.)

फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन लावला का तुही ललिताताई कुठूनही येऊन बाजूले बसते अन् दोन्हीकडचं ऐकते. शेजारचा मोहनसिंग उद्या बियाण्यासाठी तुह्या नागपूरले चालला, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देऊन राह्यलो. वाचून झालं का फाडून टाक.

विषय संघदीपचा आहे. संघदीप म्हणजे मंगरूळपीरचा तो पोट्टा, ज्यानं पिंकीच्या लग्नाचे फोटो काढले. हो, त्यानंच काढले. जिच्या बापाचा बसस्टँडपुढं 'पंचफुला फोटो स्टुडिओ' आहे (मायच्या नावानं काढला, तुले माहीतच आहे), तिच्या लग्नाचे फोटो बाहेरगावच्या माणसानं काढले. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण चहा पिता पिता माह्याकडं असे पाहतात का जसं माह्याच घरी मयत झाली.

अन् या तालुक्यात मले नरेंद्र म्हणून कोण ओळखते? सगळे 'खुटा' म्हणतात. ढोरं बांधायचा खुटा जमिनीत ठोकला का हालत नाही, तसा माहा हात. खेमचंदशेठच्या घरच्या लग्नात ऐन हार घालताना लाईट गेली होती, तवा मांडवाच्या खांबाले पाठ लावून, कोपर बरगडीत रोवून, श्वास धरून मी समईच्या उजेडात फोटो काढला होता. श्वास एवढा धरला का शेठाणी भंवरीबाई पाण्याचा गिलास घेऊन धावत आल्या. तो फोटो आजही शेठच्या दुकानात गल्ल्याच्या वर लटकून आहे, नागपूरचे व्यापारीसुद्धा त्याच्याकडं मान वर करून पाहतात. तर असा हात असलेल्या माणसानं आपल्या लेकीच्या बिदाईचा फोटो ती पाळण्यात होती तवापासून डोक्यात काढून ठेवला होता. मागं गाडी, पुढं तिची माय, अन् पिंकीनं शेवटचं वळून पाह्यलेलं. बाकी सारं अल्बमभर कोणीही काढा, पण तो एक फोटो माहा होता.

मग एक दिवस जेवता जेवता पिंकी म्हणते, बाबा, या वेळेस तुमी फोटो काढू नका, फोटोत या. तुही ताई लगेच तिच्या बाजूनं. म्हणे, घरातल्या साऱ्या अल्बममंदी तुमी एकाही फोटोत नाही, पाहुणे विचारतात का पोरीचा बाप कुठं आहे. मी म्हटलं, सांगत जा का कॅमेऱ्याच्या मागं आहे. पण मले माहीत आहे, हे काही खरं कारण नव्हतं. खरं कारण किन्हीराजा गावातलं बारसं. त्या बारशाचे माहे फोटो जरा हललेले आले (पोरगंच हालत होतं, मी काय त्याले खिळे ठोकू?), अन् तवापासून या दोघी माह्या हाताकडं पाहून एकमेकींकडं पाहतात. चहाचा कप धरला तरी पाहतात.

पुढं पिंकी म्हणते, संघदीपदादाच्या लेन्सले आयएस आहे, तुमच्या लेन्सले नाही. आता हे आयएस काय भानगड आहे ते मी तुले सांगतो, कारण मले त्यानंच दुकानात येऊन, माह्याच खुर्चीवर बसून, माहाच चहा पिऊन समजावून सांगितलं. त्या लेन्सच्या पोटात काचेचा एक तुकडा मोकळा ठेवलेला असते. आपला हात हालला का आतल्या आत त्याले कळते, अन् तो तुकडा असा सरकते का फोटो जाग्यावरच राहते. उजेड कमी असो, शटर हळू असो, फ्लॅश नसो, माणूस उभ्या उभ्या, हातात कॅमेरा धरून फोटो काढते अन् तो स्वच्छ येते. म्हणजे रविकांत, तू विचार कर. मी ज्याच्यासाठी जन्मभर श्वास धरला, ते याची काच करून राह्यली, अन् हा मधात गप्पा मारते. श्वाससुद्धा चालू ठेवते. मी जळलो, खोटं कायले सांगू. रात्री कुशीवर वळलो तरी मले तो काचेचा तुकडा सरकताना दिसे.

आता ऐक, माह्या मायनं काय केलं. पिंकीचं बोलणं तिनं चुलीपासून ऐकलं. तिले 'लेन्स' ऐकू आलं नाही, 'संघदीपजवळ आयएस आहे' एवढं ऐकू आलं. तिनं किन्हीराजाले जाऊन साऱ्या बायांत सांगितलं का आमच्या पिंकीच्या लग्नात फोटो काढाले आयएएस येऊन राह्यला. आपल्या समाजात एखादा पोरगा तलाठी झाला तरी आपण बँड लावतो, इथं तर डायरेक्ट कलेक्टर. लग्नाच्या दिवशी हा पोट्टा मोटारसायकलवरून उतरला अन् म्हातारे खुर्च्या सोडून उभे राह्यले. त्याले पुढच्या सोफ्यावर बसवलं. नवरदेवाले जे सरबत मिळालं नव्हतं ते याले मिळालं. माह्या चुलत्यानं त्याचा हात धरून नाल्यावरच्या पुलाचं काय झालं ते विचारलं. तो बिचारा (बिचारा कायचा, पण तवा तसा दिसत होता) सांगून राह्यला का काका, मले नाही, माह्या लेन्सले आयएस आहे, तर लोक म्हणतात, पाहा, एवढा मोठा साहेब पण अभिमान कसा तो नाही. जेवढं नाही म्हणे तेवढा मोठा होत गेला. शेवटी माईकवर नाव पुकारून पुष्पगुच्छ दिला अन् फोटो मले कोणाच्या तरी मोबाईलवर काढाले लावला. माहा पहिला अन् हक्काचा एकुलता एक फोटो, आपल्या पोरीच्या लग्नात, त्याचा.

तवाच मी ते काम केलं. तो गुच्छ घेऊन नमस्कार करत होता अन् त्याचा कॅमेरा खुर्चीवर पडून होता. लेन्सच्या बाजूले एक बारीक बटन असते, चालू-बंदचं. मी आजूबाजूले पाह्यलं अन् नखानं ते बंद करून टाकलं. म्हटलं, आता काढ फोटो, पाहू दे कलेक्टरचा हात.

पण माहं नशीब पाहा. वंदना झाली, मंगलगाथा झाली, अन् साऱ्या घराण्याचा एकत्र फोटो घ्यायचा म्हणून त्यानं माह्याचकडून ट्रायपॉड मागितला. त्यावर कॅमेरा चढवला, लेन्सकडं पाह्यलं, अन् साऱ्या सोयऱ्यांपुढं मोठ्यानं म्हणते, "काका, हे तुमी बंद केलं का? लय उपकार झाले. ट्रायपॉडवर हे बंदच करावं लागते, नाहीतर आतली काच उगाच सरकत राहते अन् फोटो बिघडते. मी विसरलोच होतो." मग जवायाच्या बापाकडं वळून सांगते का जाणता माणूस असा असते. अन् फोटो झाल्यावर आठवणीनं ते परत चालूही केलं. मी त्याचं वाटोळं कराले गेलो अन् त्याचा फोटो सुधारून आलो. त्या एकत्र फोटोत माहं तोंड पाहशीन तर तुले वाटीन, दात दुखत होता.

जेवणं आटोपता आटोपता दिवस कलला. मे महिन्याचा उकाडा, वारं नाही, मांडवात माणसाले माणूस चिकटलेलं. बिदाईची गाडी उभी राह्यली. आता खरं सांगतो, माहा कॅमेरा मी बुंदीच्या टोपल्यामागं लपवून ठेवला होता. तो काढला, खांबाले पाठ टेकवली, कोपर बरगडीत घातलं, श्वास धरला. पिंकी मायच्या गळ्यात पडली, मग वळली, जशी मी एवढे वर्ष डोक्यात पाहून ठेवली होती अगदी तशीच वळली. मी दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. मग पिंकी माह्याकडंच आली, कॅमेरा माह्या गळ्यातून काढून तुह्या ताईच्या हाती दिला, अन् समोर उभी राह्यली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचं मले नीट आठवत नाही. माह्या कॅमेऱ्यातले सारे फोटो रांगोळीवर पाणी सांडल्यासारखे आले आहेत, ते मी कोणाले दाखवले नाही.

परवा संघदीप अल्बमसाठी फोटो निवडाले दुकानात आला. मी चष्मा लावून एक एक फोटो पाह्यला, चुका शोधाले. वाईट वाटते सांगाले, पण सापडत नव्हत्या. अंधारातले फोटो, चालता चालता काढलेले फोटो, सारे खुट्यासारखे. अन् शेवटी, रविकांत, एक सापडला. हललेला. आयएसवाल्याचा फोटो हललेला. मी लगेच म्हटलं, हा आऊट आहे, अल्बममंदी जाणार नाही, डिलीट कर. तो मधात काही म्हणाले गेला, मी ऐकून घेतलं नाही. धंद्याचा नियम आहे, हललेला फोटो गिऱ्हाइकाले द्यायचा नसते. तो बरं म्हणून गेला. लेन्स कितीही महाग घ्या, हात तो हातच असते, हे त्या दिवशी सिद्ध झालं, अन् तेच कळवावं म्हणून हे पत्र लिहिलं.

पायाची काळजी घे. लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस जयभीम.

तुझा भाऊजी,
नरेंद्र (खुटा)

ता. क. बटनाची गोष्ट तुह्या ताईले कळली तर मले जेवण मिळणार नाही.

ता. क. दुसरा. पत्र हाती पडताबरोबर संघदीपले फोन लाव. नंबर पाकिटाच्या मागं लिहिला आहे. त्याले म्हण, मी पिंकीचा मामा, पाय मोडल्यानं लग्नाले येता आलं नाही, मले बिदाईचे सारेच्या सारे फोटो पाह्यजे, हललेले असतील तेही. डिलीट केला असला तर कुठून परत काढता येते का विचार. मामाचा मान आहे, तुले तो नाही म्हणणार नाही. मले त्याले मागणं होत नाही.

ता. क. तिसरा. कोणता फोटो ते तुले ओळखू यावं म्हणून सांगतो. त्यात पिंकी आहे अन् मी आहे. ती हालली नाही. तिच्या पापणीवरचं पाणी दिसते, बांगड्यांवरची नक्षी दिसते, मागच्या गाडीचा नंबर वाचता येते. माहं तोंडही स्वच्छ आहे, मी एवढा म्हातारा दिसतो हे मले माहीत नव्हतं. फक्त तिच्या डोक्यावर ठेवलेला माहा हात तेवढा हललेला आहे. संघदीप तेच सांगाले गेला होता, का काका, लेन्स काढणाऱ्याचा हात धरते, समोरच्याचा तिले धरता येत नाही.

ता. क. शेवटचा. त्या हाताबद्दल कोणी विचारलं तर सांग, संध्याकाळी थंडी वाजून राह्यली होती.