खोट्या जाळ्यातलं वसमत ते पुसेगाव

वसमत,
संस्कृत विभाग (म्हणजे खेळाचं सामान ठेवायची खोली)

चि. भागवत यास,

दाजीचे आशीर्वाद. तुझी आणि कोमलची प्रकृती ठीक असणार असं धरून चालतो, कारण ती ठीक नसती तर तुझ्या ताईला कळलं असतं, आणि तुझ्या ताईला कळलेली गोष्ट हळदीच्या बाजारात सौदे सुटायच्या आत पोचते. आमचंही क्षेम आहे. (असलेलं टिकणं म्हणजे क्षेम. नवं काही मिळणं याला योग म्हणतात. त्याची चौकशी करू नकोस.) मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. तू कामात असशील, किंवा पत्र हा प्रकार उघडायचा कसा हे पुण्यात विसरले असतील. फोन काहून करत नाही, असं तू म्हणशील. बाबा रे, आमच्या घरी तुझा फोन स्पीकरवर ठेवूनच ऐकायचा असा तुझ्या ताईचा दंडक आहे, आणि काही गोष्टी स्पीकरवर बोलण्याजोग्या नसतात. म्हणून शाळेत बसून हे लिहितो आहे. शेजारी दोन फुटकी लेझमं आणि हवा गेलेला फुटबॉल आहे. सगळे एकाच वयाचे दिसतो.

आता मुद्द्यावर येतो. तू संगणकांची जाळी जोडतोस म्हणजे काय करतोस, हे मला आजवर कळलेलं नव्हतं. (तुझ्या सोयरिकीच्या बैठकीत मीच कोमलच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा वायरी जोडतो. त्यांनी विजेचं दुकान आहे असं समजून होकार दिला. उपकार विसरू नकोस.) तीच विद्या आता या वयात मला शिकायची आहे. झालं असं की, यंदा आमच्या शाळेत संस्कृत घेणारं एकही लेकरू उरलं नाही. गेल्या वर्षी एक होतं, ते नांदेडला मामाकडे गेलं. यंदाच्याच उन्हाळ्यात संस्थेची उर्दूची तुकडी बंद पडली आणि उर्दूचे हैदर सर व मी, दोघेही अतिरिक्त ठरलो. अतिरिक्त म्हणजे मयताच्या घरी आलेला जावई: हाकलता येत नाही आणि जेवायला कोणी बसा म्हणत नाही. अशा माणसाला जिथं जागा रिकामी असेल तिथं धाडतात. सध्या ती पुसेगावला आहे, हिंगोलीच्याही पलीकडे. संस्थेचे सचिव मुंजाजीराव दयाळू माणूस. त्यांनी तोड काढली. शाळेत संगणक-जाळ्यांचा नवा वर्ग निघणार आहे. दिवाळीपर्यंत त्या विषयाचं प्रमाणपत्र जो आणील तो वसमतला राहील, दुसरा पुसेगावला जाईल. संस्कृत आणि उर्दू यांच्यात एवढी सरळ कुस्ती या गावात आधी कधी लागली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत पैजा लागल्या: माझ्यावर चहा, हैदर सरांवर भजी. यावरून लोकांचा कौल तुझ्या ध्यानात येईल.

तुझ्या ताईनं ऐकलं आणि त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. परीक्षा अजून व्हायची आहे असं मी सुचवलं, तेव्हा म्हणाली, “ते मला नका सांगू. माझा हळद-तिखटाचा बचतगट सोडून मी पुसेगावला येणार न्हाई. नापास झालात तर एकले जा, डबा पोस्टानं पाठवीन.” तेव्हापासून घरात मी प्रमाणपत्रधारक म्हणूनच वावरतो.

या परीक्षेत नुसतं पाठांतर भागत नाही. यंत्रं जोडून, त्यांना आज्ञा देऊन संदेश इकडून तिकडे पोचवून दाखवावा लागतो. ती खरी यंत्रं विकत घ्यायची तर घर विकावं लागेल आणि मग यंत्रं ठेवायला घर उरणार नाही. म्हणून खोट्या यंत्रांचं सॉफ्टवेअर मिळतं. पडद्यावर खोटी पेटी, तिला खोटी वायर, तीतून जाणारा खोटा निरोप, आणि तो पोचला नाही की होणारा मनस्ताप मात्र खरा. आमच्या वेदान्तात साप खोटा असला तरी निदान दोरी खरी असते. इथं दोरीही मिथ्या. मला वाटलं, हा तर आपलाच प्रांत! तो भ्रम होता.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं. त्यासाठी एका शिकवणीत नाव नोंदवावं लागलं. नोंदणीत त्यांनी विचारलं की तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, आणि चित्रांतले रहदारीचे दिवे ओळखायला लावले. भागवत, मी वसमतला जन्मलो. दिवे कसले आणि रहदारी त्यांना कुठं जुमानते! हैदर सरांनी ओळखले, कारण त्यांची मुलगी अंजुम औरंगाबादला शिकते. ते सॉफ्टवेअर चांगलं होतं, फक्त पुस्तकातल्या काही आज्ञा त्याला ठाऊक नव्हत्या, आणि नेमक्या त्याच परीक्षेला येतात असं पुस्तक म्हणत होतं. दुसरंही फुकट होतं. त्याची गंमत अशी की देह ते देतात, आत्मा आपला आपण आणायचा. म्हणजे यंत्राच्या आतली जी चालकप्रणाली, ती त्यात नसते. बसस्थानकासमोर पुनमचंदचं संगणकाचं दुकान आहे. तो म्हणाला, “सर, आत्मा हाय ना आपल्याकडं. डुप्लिकेट हाय, पर ओरिजिनलपेक्षा बराबर चालतो.” त्यानं पेनड्राइव्हवर दिलेला आत्मा उघडला तर आत कोणाच्या तरी मुलीचं लग्न निघालं. हळदीपासून वरातीपर्यंत आम्ही दोघांनी पाहिलं, की शेवटी तरी यंत्र येईल. शेवटी रडणं आलं. (चोरीचा माल घेऊ नये हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि करणं यांत किती अंतर आहे, यावर मी वर्षानुवर्षं मुलांना निबंध घातले आहेत.)

तिसरं विकतचं, पण परवडणारं. एकदाच पैसे भरायचे, पुन्हा कधी मागत नाहीत, सगळ्या आज्ञा चालतात. अट एकच, ते एकाच संगणकावर चालतं. हैदर सर म्हणाले, “गुरुजी, तुमाला बी घ्यायचं, मला बी घ्यायचं. दोन काहून? निम्मं-निम्मं करू.” मी म्हटलं, “सर, आपण प्रतिस्पर्धी आहोत.” ते म्हणाले, “व्हय. पर खुर्ची बी एकच हाय ना खोलीत.” या युक्तिवादात काही दोष असावा, पण मला सापडला नाही. मग ह्या खोलीतल्या शाळेच्या जुन्या संगणकावर ते बसवलं आणि एका खुर्चीवर आळीपाळीनं दोन वैरी शिकू लागले. मी पाठशाळेतला, ते मदरशातले. डोलल्याशिवाय दोघांनाही काही पाठ होत नाही. जाळ्याचे सात थर असतात, ते आम्ही सुरात म्हणत पुढंमागं डोलायचो. शिपायानं दारातून पाहिलं आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की दोघांच्याही अंगात आलं आहे, पण वेगवेगळं.

हैदर सरांविषयी एक सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. त्यांची आई, खतीजाबी, आता कोणाला ओळखत नाहीत. सुनेलाही नाही, नातीलाही नाही. घास मात्र हैदर सरांच्याच हातचा घेतात. दुसऱ्यानं भरवला तर तोंड मिटून भिंतीकडे वळतात. म्हणून मधली सुट्टी झाली की सर सायकलवरून घरी जातात आणि घंटेच्या आत परत येतात. एकदा मी म्हटलं, पुसेगाव झालं तर? ते सायकलची साखळी बसवत होते. म्हणाले, “तुमी अभ्यास करा, गुरुजी.” एवढंच. पुन्हा आम्ही दोघांनी हा विषय काढला नाही.

तर मी खोट्या जाळ्यात खरी गावं मांडली. एक पेटी वसमत, एक औंढा, एक पुसेगाव. वसमतहून निरोप सोडला. पडद्यावर एक लहानसं पाकीट निघतं आणि वायरीवरून चालत जातं. (डाकखात्यानं बघण्यासारखं आहे.) ते औंढ्याला थांबलं, पुसेगावला पोचलं, आणि तिथंच मेलं. पुन्हा सोडलं, पुन्हा मेलं. वायरी तपासल्या, आकडे तपासले, आठवडा गेला. पुसेगावला गेलेलं काही परत येत नाही, हा अपशकुन मनात धरून मी घरी जेवेनासा झालो. शेवटी हैदर सर मागून बघत म्हणाले, “जायचा रस्ता तुमी समद्यांला सांगितला. यायचा कोणाला सांगितला?” मी म्हटलं, “सर, परतीचं वेगळं सांगावं लागतं?” आपल्याकडे माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कोणी चुकून ‘जातो’ म्हणालंच तर म्हातारी माणसं परत बोलावून, पाणी पाजून, ‘येतो’ म्हणायला लावतात. जाणं सांगितलं की येणं त्यात आलंच, या भरवशावर मी पन्नाशी गाठली. सर हसले. “आमी बी घरी ‘आतूं’च म्हणतो, ‘जातूं’ न्हाई, गुरुजी. पर ही मशीन काय वसमतची हाय का? तिला तिकडल्या टोकाला बसून सांगा लागते, की बाई, वापस असं जाय.” त्यांनी पुसेगावच्या पेटीत एक ओळ लिहिली. पाकीट गेलं आणि टुणटुण परत आलं. मला रडू आलं नाही एवढंच.

आता शेवटचा अध्याय. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं, म्हणजे नवी वस्तू, आणि नव्या वस्तूची पूजा झाली नाही हे तुझ्या ताईला श्रावणात आठवलं. ती बचतगटातल्या चार बायका घेऊन खोलीत आली. कुंकू लावलं, तिथवर ठीक. पण हळद तिच्या स्वतःच्या गटाची, वसमतची, ताजी दळलेली; तिथं हात आखडता घेणं म्हणजे गटाचा अपमान. ओंजळभर वाहिली. संगणक चालू होता आणि त्याच्या पाठीत पंखा असतो, तो वारा आत ओढतो. हे मला ठाऊक होतं, पण पूजा चालू असताना मधे बोलायचं नसतं. थोड्या वेळानं खोलीत फोडणीचा वास सुटला. मग एक निळी ठिणगी, आणि यज्ञ आटोपल्यावरच्या अवभृथस्नानाची शांतता. बायकांनी शुभ आहे म्हणून हात जोडले. तुझ्या ताईचं मत असं पडलं की यंत्र आधीचंच कच्चं होतं. पुनमचंदनं ते उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, माल एक नंबर हाय, कुठला?”

सॉफ्टवेअर त्याच एका संगणकापुरतं होतं, ते त्याच्याबरोबर सती गेलं. कंपनीला लिहिलं की यजमान वारले, तरी परवाना दुसऱ्या देहात घालून द्यावा. तिकडून लगेच उत्तर आलं की तुमचं पत्र आम्हाला मिळालं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आलं. कारणाच्या रकान्यात मी ‘हळद’ लिहिलं होतं, त्याचा परिणाम असावा.

तरी तू या विषयातला जाणता म्हणून विचारतो: या तिन्हींतलं कोणतं घ्यावं? फुकट पण अपुरं, फुकट पण आत्मा नसलेलं, की विकत पण एकदेहव्रती? सविस्तर कळव. कोमलला आशीर्वाद. तुझे केस गळायचे थांबले असतील तर कशानं थांबले तेही लिही.

तुझा दाजी

ता. क. वरचं उत्तर सविस्तर नको. तिसरंच घे, आणि माझ्या नावानं नको, हैदर सरांच्या नावानं घे. अंजुमचा जुना लॅपटॉप घरी पडून आहे, त्यावर बसवून दे. कंपनीनं हळदीची नुकसानभरपाई दिली असं सांग. त्यांचा विश्वास बसणार नाही, पण ते वाद घालणार नाहीत. उर्दू शिकवलेला माणूस आहे, खोट्यातला अदब ओळखतो.

पुन्हा ता. क. याला त्याग वगैरे म्हणू नकोस, मला संकोच होतो. सराव परीक्षेतले माझे गुण मी कोणाला दाखवलेले नाहीत, हैदर सरांनाही नाही, यावरून समज. मी हरणारच होतो. फक्त दिवाळीपर्यंत थांबलो नाही. मुंजाजीरावांना अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. सोमवारी पुसेगावला रुजू व्हायचं आहे. हैदर सरांना म्हटलं, तिथं संस्कृतला खूप मुलं आहेत. “झूट तुमाला जमत न्हाई, गुरुजी,” ते म्हणाले, आणि मधली सुट्टी झाली होती म्हणून सायकल काढून गेले.

शेवटचं ता. क. हे सगळं तुझ्या ताईला अजून ठाऊक नाही. ती काल प्रमाणपत्रासाठी चौकट घेऊन आली, काचेची. भिंतीत खिळाही मारला आहे. म्हणून सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघ. आधी रविवारची गाडी पकडून इकडे ये आणि तिला सांग. माझ्याच्यानं होत नाही. सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊन दारातून नेहमीसारखा ‘येतो’ म्हणणार आहे. पुसेगावच्या टोकाला परतीची वाट सांगून ठेवली आहे. शनिवारी शाळा सुटली की हिंगोलीची गाडी मिळते. वसमतच्या टोकाला दार उघडेल की नाही, हे कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये आधी करून बघता येत नाही. तेवढ्यासाठी ये.