बसवलेला माणूस

७ जानेवारी १९९०, रविवार

औरंगाबाद आवडलं. वाळूजच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, सध्या कच्ची. खोली सिटी चौकामागे, खाली पिंजाऱ्याचं दुकान. पलंग, टेबल, खुर्ची एवढं सामान आहे. आवडाला कळवलंय, महिनाअखेरीस ये. लग्नानंतर आमचं पहिलंच बिऱ्हाड.

सकाळी खडकेश्वराजवळ एका बंद छापखान्याच्या हॉलमध्ये गेलो. रविवारी तिथं समोर माणूस बसवून चित्रं काढतात. कुणीही यावं, बोर्ड घ्यावा, मन भरलं की जावं. चालवतात बद्रीनाथ सर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. मला म्हणाले, तुम्ही पट्टीवाले, माणसाच्या अंगात सरळ रेघ सापडली तर आम्हालाही दाखवा. सगळ्यांत जास्त हसले ते बसायला आलेले करीमचाचा. पूर्वी विणकर होते. उघडं अंग, लुंगी, हाडं अशी की पेन्सिल थांबत नाही.

नियम एकच. बसवेल त्यानंच उठवायचं. सर हात-मान लावून देतात, ‘बसा’ म्हणतात. वेळ झाली की समोर येऊन ‘उठा’ म्हणतात. तोवर चाचांची पापणी हलत नाही. सर म्हणाले, गणपती ज्या घरानं बसवला त्याच घरानं विसर्जन करायचं, तसंच हे.

१४ जानेवारी, रविवार

सर संक्रांतीला बहिणीकडे गंगापूरला गेलेत. चाचांना मी बसवलं. मान डावीकडे, उजवा हात पुढे, कुणी काही देतंय आणि ते घेतायत असा. नजर माझ्यावर. बोटं प्रथमच बोटांसारखी उतरली. तेवढ्यात रस्त्यावर कारखान्याच्या पाळीच्या बसचा हॉर्न वाजला. आज जादा पाळी होती. बोर्ड टाकून पळालो, बस मिळाली.

१६ जानेवारी

चाचांची मुलगी शकीला खोलीवर आली. अब्बा परवापासून तसेच बसलेत म्हणाली. एकेक जण आपापलं चित्र संपवून निघून गेला. कुणीतरी उठवेल असं प्रत्येकाला वाटलं. शेवटी शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं. हात खाली होत नाही. पाणी ओठातून बाहेर येतं. डॉक्टर लकवा म्हणतात. तिचं एकच म्हणणं : तुमीच बिठाए भाई, तुमीच उठाओ.

गेलो. ‘उठा’ म्हणालो. काही नाही. ओरडलो. घरातली बायामाणसं बघत होती. मग चाचांची नजर दिसली. हॉलमध्ये मी जिथं बसलो होतो, तेवढ्या अंतरावर, तेवढ्याच उंचीवर ती लागली होती. तिथं जाऊन मी जमिनीवर बसलो आणि हळूच म्हणालो.

हात खाली आला. चाचा लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, आता तुमी संभालो साब.

१८ जानेवारी

उजवं मनगट वळत नाही. कारखान्यात पेन्सिल धरली की हात कागदावरून उचलला जातो, पुढे येतो. साहेब म्हणाले, कुणाकडे काय मागताय? नोकरी कच्ची आहे, ध्यानात ठेवा.

२१ जानेवारी, रविवार

हॉलमध्ये शिरलो. बसलेले सगळे उभे राहिले. सरही.

सर दारापर्यंत आले, आत घेतलं नाही. म्हणाले, वेळेवर उठवलं तर काही नसतं. वेळ टळली की जागा सुटत नाही. उठवणाऱ्याकडे येते. त्यानं दुसऱ्याला बसवलं तरच जाते. आणि कृपा करा, मला बसा म्हणू नका.

२४ जानेवारी

डाव्या हातानं लिहितोय. मान आखडली. काल खुर्चीत टेकलो तर उठता येईना. पिंजाऱ्यानं ओढून काढलं. आता बसायचं नाही. भिंतीला टेकून उभ्यानंच झोपतो—

२६ जानेवारी

शकीला आली. चाचांनी निरोप दिलाय, मला बसवा, मला सवय आहे. तिच्या तोंडाकडे बघवेना. नाही म्हणालो.

ती जिना उतरेपर्यंत हाक मारावीशी वाटत होती.

२७ जानेवारी

आवडा उद्या येते. येऊ नको म्हणून तार— जिना उतरवत नाही—

२८ जानेवारी

आवडा आली. पिशोरपासून उभ्यानं. एसटीत जागा नव्हती. मला बघून म्हणाली, खांबावानी काय उभे राहिलात, मी काय पाव्हणी हाय व्हय? पाय लई दुखायलेत म्हणाली. खुर्चीकडे बघत होती.

बस, म्हणालो. कुणीही म्हणालं असतं.

ती बसली.

उजव्या हातानं लिहितोय. मनगट वळतं. अक्षर पहिल्यासारखं, सरळ—

तिची मान डावीकडे. हात पुढे. हसू तसंच राहिलंय. नजर माझ्यावर. मी बरोबर जागेवर आहे. उठ म्हटलं की झालं.

म्हटलं की हात पुन्हा—

म्हणणार आहे. उद्या पाळी आहे, पण म्हणणार. तिच्या डोळ्यांत पाणी येतंय. एवढी ओळ पुरी करतो, मग लगेच