माळ्यावरची शिडी

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकल्या,

खुशाल असशील. धक्क्याच्या पायरीवर बसून आपण दोघं एकाच वहीत बोटी काढायचो, ते सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. तुझ्या बोटीतून धूर निघायचा, माझ्या बोटीला पडदे असायचे. "ताई, ही बोट आहे की दवाखाना?" असं तू विचारायचास आणि मी तुझं खोडरबर लपवायचे.

इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, नातवंडं त्याहून जास्त. तुझा भाचा मोटारबोट घेतोय, तळ्यावर पोरांना फिरवायला. दोन पसंत केल्यात. लांबी तीच, इंजिन तेच, जागा सहा जणांचीच. विकणारा म्हणाला, "काकू, जुळ्या बहिणी समजा." फरक एवढाच, की एकीची पाण्यातून वर चढायची शिडी मागे पक्की बसवलेली आहे. दुसरीची आकड्यांनी अडकवायची, हवी तेव्हा काढून ठेवायची. ती दिसते नीटस, म्हणून त्याला तीच हवी.

मी म्हटलं, "पक्क्या शिडीची घे."

"का?"

"रंग छान आहे."

"आई, दोन्ही पांढऱ्याच आहेत." मग हसून म्हणाला, "घाबरू नकोस. शिडी विसरायला मी काही मामा नाही."

पोरं तिथंच उभी होती. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला गेले.

धाकल्या, तू विसरला नव्हतास.

त्या शनिवारी मला माळ्यावरची पांघरुणं काढायची होती. स्टूल पुरत नव्हतं. बोटीची शिडी माळ्याच्या कडेला आकड्यांनी छान अडकायची, म्हणून मी ती घरी आणली. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू आणि तुझे भावोजी बोट घेऊन गेलात. हे पाण्यात पडले ते जाड कोटासकट. अर्धा तास तू यांचा हात धरून होतास. वर ओढणं तुझ्या एकट्याच्याने झालं नाही.

लोक विचारत होते, शिडी कुठे होती? तू म्हणालास, "बोट मीच तयार केली होती. मीच विसरलो असेन." मी शेजारी उभी होते. वाटलं, उद्या सांगू. मग तू यायचाच थांबलास, आणि गप्प राहणं सोपं झालं. बावीस वर्षं. मुलगा तुझ्यावर राग धरून मोठा झाला आणि मी त्याला जेवायला वाढत राहिले.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर चुकलेलं वाक्य शंभरदा लिहायला लावायच्या. इथवरचं मी दोनदाच लिहिलंय. दुसरी प्रत दुपारी तुझ्या भाच्याच्या हातात दिली. अजून तो खोलीबाहेर आलेला नाही.

आता माझ्यामागची वाटणी सांगून ठेवते. बोटींची वही तुझी. यांचं होकायंत्र मोठ्या नातीला. जुन्या बोटीची किल्ली भाच्याने आपणहून दिली तर घे, मागू नकोस. शिडी अजून माळ्यावरच आहे. ती कुणाला देऊ नका. ती माझी.

अजून म्हणवत असेल तर, तुझी
ताई