बदलीची सहल

बोरगाव मेघे, वर्धा
ता. १९ मे १९५७

प्रिय सुलोचनाताईस,

लीलाचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा शांत असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि अमरावतीच्या शिबिरात शिक्षिकांना शिकवायला आलेले शिक्षक तुझ्यापुढं अजून टिकून असतील, अशी आशा करते. आम्हा सर्वांची प्रकृती उत्तम आहे. आता तक्रार.

ताई, तुझ्या घरात उशी एकच आहे. आम्ही माणसं पाच. त्या एका उशीवर तू लाल दोऱ्यानं 'सुस्वागतम्' भरून ठेवलं आहेस आणि दोरा चांगला जाडजूड वापरला आहेस. ज्येष्ठतेच्या नियमानं उशी आमच्या जमादारसाहेबांच्या वाट्याला आली. सकाळी त्यांच्या उजव्या गालावर तुझं स्वागत उलट्या अक्षरांत उमटलेलं होतं आणि तसेच ते दूध आणायला गेले. एकवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला गवळी गालावरून वाचतो, ही गोष्ट साधी नाही. मी तिचा निषेध नोंदवते आणि पुढं जाते. (घराची किल्ली आनंदाबाईंनी बिनतक्रार दिली. शेजारीण असावी तर अशी. कोण आलं, किती आले, किती दिवस राहणार, हे तिनं आम्ही टांग्यातून उतरायच्या आतच मोजून टाकलं होतं.)

तर आमची बदली. पठाणकोटहून सिकंदराबाद. म्हणजे देशाच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकाकडे, तीन लेकरं आणि आठ काळ्या लोखंडी पेट्या घेऊन. बदलीचा कागद घरात आला त्या संध्याकाळी आमच्या कांतानं जेवताना जाहीर केलं की, मी वर्ध्यापर्यंत येईन, पुढच्या गाडीत बसणार नाही. मावशीजवळ राहीन आणि एकाच शाळेतून मॅट्रिक होईन. तेरा वर्षांची पोर, आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्त भीती वाटली. तिचंही अगदीच चूक नाही. सात वर्षांत तिच्या पाच शाळा झाल्या. बादशहा हुमायून तिनं चार शाळांत चार वेळा जिन्यावरून पाडला, पण अकबर गादीवर बसायच्या आत दर वेळी आमची बदली झाली. पोरीच्या हिशेबी दिल्लीचं तख्त अजून रिकामंच आहे. साहेब एवढंच म्हणाले की, पलटण जाईल तिथं पलटणीची लेकरं जातील, आणि टोपी घालून बाहेर गेले. (जेवण अर्धवट होतं. टोपी घातली की त्यांना उत्तर देता येत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.)

पण मी तुझी बहीण आहे. मी ठरवलं की या घरात 'बदली' हा शब्दच बंद. ही सहल. सरकार रेल्वेचा पास देतं, नव्या ठिकाणी हजर व्हायला दिवस देतं, मग ते दिवस स्टेशनांवर पेट्यांवर बसून का घालवायचे? दिल्ली बघू, आग्रा बघू, नागपूर बघू, वर्ध्याला आठवडाभर राहू. इतकी मजा करायची की पोरगी आपला हट्ट वाटेतच कुठं तरी विसरेल आणि वर्ध्याला आपण होऊन गाडीत चढेल. हे तुला मोकळेपणानं सांगते, कारण तू तिची मावशी असलीस तरी आई मी आहे.

साहेबांना सहल ही कल्पना एकदम पसंत पडली आणि त्यांनी तिचा लगेच हुकूम काढला. फौज हलायच्या आधी कोण, कुठं, किती वाजता याचा जसा कागद निघतो तसाच, फक्त वर 'मौजमजा' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. ताजमहाल दहा वाजून दहा ते दहा पन्नास, पाणी पिणं धरून. लाल किल्ला एक तास, त्यात आमच्या घनश्यामला लागणारी दहा मिनिटं वेगळी. प्रत्येक फाटकावर हजेरी. शिवाय कोणी हरवलंच तर परक्या माणसाला काय सांगायचं हे त्यांनी लेकरांकडून तीन दिवस घोटून घेतलं: बापाचा नंबर, हुद्दा, नाव आणि मग पत्ता, केअर ऑफ छप्पन्न ए.पी.ओ. (म्हणजे फौजेचं टपालघर; पलटण कुठंही असो, पत्ता हाच, गावाचं नाव नाही.) आमची मीरा पाच वर्षांची, तिला अजून स्वतःचं आडनाव नीट येत नाही, पण हे पाठ.

पेट्यांची गोष्ट ऐक. आठही पेट्यांवर साहेबांनी पांढऱ्या रंगानं आकडे घातले. जी पेटी सगळ्यांत आधी लागणार तिला एक नंबर: सुती कपडे, टॉवेल, चिवडा, लेकरांचे खेळायचे पत्ते. जी सगळ्यांत शेवटी लागणार तिला आठ नंबर. सात पेट्या मालगाडीनं पुढं जायच्या, एक आपल्याबरोबर. पठाणकोटच्या हमालानं कोणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. एक नंबरपासून चढवायला सुरुवात केली आणि सातवर थांबला. साहेब शेजारी उभे राहून पेन्सिलीनं खुणा करत होते, आकडे क्रमानं चालले म्हणून खूश होते. दिल्लीला तोंड पुसायला टॉवेल हवा म्हणून आपल्याजवळची पेटी उघडली, तर आतून पाच कानटोप्या, सहा स्वेटर, लोकरी मोजे, दोन रजया आणि साहेबांचा खाकी गणवेश, कडक इस्त्रीचा. मे महिना, ताई. घनश्याम इतका हसला की त्याला पाठीवर थापट्या मारून गप्प करावं लागलं. तेव्हापासून आम्ही अंगावरच्या एका जोडावर देश बघत आहोत आणि स्वेटरनं तोंड पुसत आहोत. लोकर पाणी टिपत नाही, फक्त इकडचं तिकडं करते. तुझ्या शाळेत सांगायला हरकत नाही.

तरी मजा आली, हे मी छातीठोक सांगते. ताजमहालापुढं मीरानं विचारलं की हे कोणत्या साहेबाचं क्वार्टर. कांताही हसली. मी मनात एक खूण केली. नागपूरला दीक्षेचं ते मैदान पाहिलं. गेल्या दसऱ्याला तू तिथं होतीस आणि आम्ही सरहद्दीवर, रजा नामंजूर. या एका ठिकाणापुढं हुकुमात वेळ घातलेली नव्हती. साहेब उन्हात टोपी काढून उभे राहिले, कांता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. (निघताना हजेरी मात्र घेतली.)

इथं आल्यावर तुझी दोन पांढरी पातळं वापरात घेतली. कपडे दोरीवर वाळेपर्यंत साहेब एक पातळ लुंगीसारखं गुंडाळून ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसतात, आणि वर त्या मिशा. आनंदाबाई ताकाचा तांब्या घेऊन आली, दारात थबकली, म्हणाली, "लीलाबाई, तुमचे साहेब कोनत्या खात्यात आहेत म्हनलं होतं?" आत कांता भाकरी थापत होती, तिचा हात थांबला, मग हसू फुटलं. दुसरी खूण.

आंजीला गेलो ते परवा. साहेबांचं गाव, त्यांच्या म्हाताऱ्या रामबाईआत्या तिथं असतात, आणि लेकरांनी गाव पाहिलंच नव्हतं. पातळ नेसून मोटारीत बसता येत नाही आणि धुतलेली विजार मीरानं सकाळीच चिखलात लोळवली, म्हणून साहेब पूर्ण गणवेशात निघाले, छातीवर पदकांच्या पट्ट्या, कडक टोपी, आणि वर वर्ध्याचं ऊन. आंजीत उतरलो तर पारावरची चार माणसं उठून आडोशाला गेली. एकानं लांबूनच विचारलं, "कोनाले धराले आले जी?" ओळख पटल्यावर तीच चार माणसं आत्याबाईंच्या अंगणात आमच्याआधी पोचली.

आत्याबाईंना दिसतं कमी, पण विचारतात जास्त. घनश्यामची हनुवटी धरून म्हणाल्या, "बापू, गाव कोनतं रे तुहं?" पोरगा टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि ओरडला, केअर ऑफ छप्पन्न ए.पी.ओ.! आत्याबाई विचारात पडल्या. "हे कोठी आलं वं माय? आर्वीच्या पल्याड?" मीरानं लगेच तेच म्हटलं, आपला नंबर चुकू नये म्हणून जास्त मोठ्यानं. अंगण हसलं. मीही हसले. मग त्यांनी कांताला जवळ ओढलं. "अन् तुहं वं, पोरी?" कांतानं बापाकडं पाहिलं. हिंदीत वाढलेली पोर, पण बोलली इथल्यासारखी. "मले नाई अजून, आजी."

कोणी हसलं नाही. साहेबांनी टोपी काढली, आतली पट्टी पाहिली, परत घातली. परतीच्या मोटारीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि वर्ध्याला उतरल्यावर हजेरी घेतली नाही. उन्हानं थकले असावेत.

तरी एकंदर विचार करता सहल यशस्वी झाली असं माझं ठाम मत आहे. कांता हसते, भाकरी थापते, हट्टाचा शब्द काढत नाही. मला मुलांचं मन कळतं. परवाच्या गाडीनं आम्ही पाचही जण सिकंदराबादला निघतो. तू सहा दिवसांनी परत येशील तेव्हा घर झाडलेलं असेल. तब्येतीला जप.

तुझी धाकटी,
लीला

ता. क. वरचं खोडत नाही, कारण कोरा कागद एवढाच उरला आहे. पाकीट शोधताना साहेबांच्या वहीत परवाच्या प्रवासाचा हुकूम सापडला. नेहमीसारखा, रेघा मारलेला. सिकंदराबादला जाणारे: स्वतः, सौ. लीला, घनश्याम, मीरा. एकूण चार. मी दोनदा मोजले. खाली लिहिलं आहे: 'रिअर पार्टी: कु. कांता. ठिकाण वर्धा. मुदत मॅट्रिक होईपर्यंत. वरिष्ठ अधिकारी श्रीमती सुलोचनाबाई.' (पलटण हलते तेव्हा काही माणसं विश्वासानं मागं ठेवतात, त्यांना रिअर पार्टी म्हणतात. तिथं ऐऱ्यागैऱ्याला ठेवत नाहीत.) तिच्या नावापुढं गावाचा रकाना स्वतः आखून त्यात 'आंजी (मोठी), तालुका वर्धा' असं भरलं आहे. मी वही घेऊन ओट्यावर गेले. ते म्हणाले, तुला विचारायचं राहिलं. मी म्हटलं, टोपी काढून विचारा. ती घातलेली नव्हती, पण त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं.

आणखी ता. क. तेव्हा विनंती अशी की आम्ही निघाल्यावर तू येईपर्यंत चार दिवस कांता आनंदाबाईकडे राहील, नंतर तुझ्याकडे. पोर सकाळी उठून लगेच बोलत नाही, त्याला राग समजू नकोस. वरणात गूळ आवडत नाही. तिला अकबरापासून पुढचं सगळं शिकवायचं राहिलं आहे.

शेवटचं. १९५१ च्या दिवाळीत तू आम्हाला झाशीच्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या होत्यास: कांताला माझ्याजवळ ठेवतेस का, मला सोबत होईल. नंतर भेटलीस तेव्हा ते पत्र पोचलंच नाही असं मी म्हटलं. पोचलं होतं. उत्तर राहून गेलं होतं, ते आजच्या टपालानं पाठवते.

हो, ताई. ठेवते.