उन्नती एकटी आली होती

प्रिय अभय,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजही पोचत नाहीत, म्हणून कागद घेतला. एका बैठकीत वाचून होणार नाही तुझ्याच्यानं. उठ, चक्कर मारून ये, मग पुढचं वाच. पण फाडू नकोस.

परवा घणसोली गावातून जाताना आपल्या जुन्या खोलीच्या गल्लीत थांबले. तिथं आता चार मजले चढलेत. ती खोली आठवली की मला पलंगाच्या पायाला आईच्या लुगड्यानं बांधलेला तू दिसतोस. अण्णा रात्रपाळी करून यायचे, त्यांना झोप हवी असायची आणि तू कपाटावर चढलेला असायचास. ते दुष्ट नव्हते रे. त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. शाळेत तुला अंगठे धरून उभं करायचे आणि वर म्हणायचे, बहिणीकडून शीक जरा. नववीत तू शाळा सोडलीस तेव्हा घरात कोणी रडलं नाही. सगळे सुटल्यासारखे जेवले.

मुलांच्या मनाची डॉक्टर का झालीस, असं लोक विचारतात. मी ‘आवड होती’ म्हणते. खरं तर एमडी करताना एक दिवस सर वॉर्डातल्या एका मुलाबद्दल शिकवत होते. लक्ष टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत, हा हट्ट नाही, मेंदूची ठेवणच तशी असते, औषधानं आणि समजून घेण्यानं फरक पडतो. सर त्याच्याबद्दल बोलत होते आणि मला तू दिसत होतास. मी धावत बाहेर येऊन तुला फोन लावला. तू तुर्भ्याच्या मार्केटात टेम्पो भरत होतास. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “मग आता काय करू, ताई? शाळा परत भरणार का माझी?” नेरूळच्या दवाखान्यात रोज आईबाप मुलांना घेऊन येतात. समजावून समजावून माझा घसा बसतो. निम्मे पुन्हा तोंड दाखवत नाहीत. नात्यातल्या लग्नात मला ‘वेड्यांची डॉक्टर’ म्हणतात, तेही आता लागत नाही.

तुझ्या उन्नतीचं मात्र लागलं. ती तुझ्यासारखी कपाटावर चढत नाही, म्हणून तू म्हणालास, “पोरगी गप बसलेली असते, तिला कसला आजार?” गप बसते, पण तिथं नसते, अभय. गणित अर्धं सोडते, डबा विसरते, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला दचकते. घरचं माणूस म्हणून मी स्वतः तपासलं नाही, माझ्याबरोबर बसणाऱ्या डॉक्टर कुलदीपना दाखवलं. त्यांनी शाळेतल्या बाईंना सांगून तिला पुढच्या बाकावर बसवलं, तिच्या आईला, उत्कर्षाला, अभ्यासाचे छोटे तुकडे कसे पाडायचे ते शिकवलं, गोळी सुरू केली. महिनाभरानं पोरगी मला म्हणाली, “आत्या, डोक्यात सगळे एकदम बोलायचे ना, ते आता एकेक बोलतात.” त्या दिवशी मी खोलीचं दार लावून रडले.

मग कोणीतरी तुझे कान भरले आणि तू गोळ्यांचं पाकीट गटारात टाकलंस. “मला ढ म्हणाले सगळे, आता पोरीवर वेडीचा शिक्का मारता?” म्हणालास. तू का चिडलास ते मला कळतं. उत्कर्षाला दोष देऊ नकोस, ती तुझ्या शब्दाबाहेर नाही. मी विचारलं तर “घरात भांडण नको, ताई” म्हणून तिनं फोन ठेवला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल दुपारी उन्नती एकटी माझ्या दवाखान्यात आली. शाळा सोडून, बसनं. भलत्याच स्टॉपला उतरली आणि हायवेच्या कडेनं विचारत विचारत चालत आली. तळहातावर गोळीचं नाव लिहिलं होतं, घामानं अर्धं पुसलेलं. म्हणाली, “आत्या, परीक्षेपुरत्या दे. मी बाबांना दिसू देणार नाही.” तुम्हा दोघांपैकी कोणी हो म्हटल्याशिवाय मला तिला एक गोळीसुद्धा देता येत नाही. मी म्हटलं, बाबांना विचारू या. तिनं दप्तर उचललं. “मग राहू दे,” म्हणाली. रागावली असती तरी चाललं असतं. दहा वर्षांची पोर मोठ्या बाईसारखी ‘राहू दे’ म्हणाली. मी तिला रिक्षानं सोडायला आले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरताना म्हणाली, “बाबांना सांगू नको हां.” मी हो म्हणाले. आणि आज तुला सांगतेय, कारण पुढच्या वेळी ती कुठल्या बसमध्ये चढेल आणि कुठे उतरेल, मला माहीत नाही. तू या पत्रानं बदलशील अशी आशा मला फारशी नाही. तिच्यावर हात उगारू नकोस, एवढंच कर. तिला कळेल की मी शब्द मोडला. मग ती माझ्याकडेही यायची नाही.

तुझीच,
संघप्रियाताई